डब्यातला डबा

आम्ही गोरखपूरला राहतो असं सांगितलं की महाराष्ट्रातल्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर आधी आदर उमटतो. "वा, म्हणजे गीता प्रेस तुमच्या गावची!" मग सांगावं लागतं की ते गोरखपूर उत्तर प्रदेशातलं. आमचं गोरखपूर हा जबलपूर शहरातला एक मोहल्ला. बाजार आहे, गुरुद्वारा आहे, संध्याकाळी मंगोड्यांच्या गाडीवर गर्दी असते. हे ऐकल्यावर आदर जसा चढला तसा उतरतो आणि समोरचा माणूस "असं होय" म्हणून पोह्यांची बशी पुढे ओढतो.

आमचे साडू मात्र चिवट. दर लग्नात, दर मुंजीत ते मला नव्याने गाठतात.

"साडूभाऊ, जगातला सर्वांत लांब प्लॅटफॉर्म तुमच्याकडे ना? १३६६ मीटर!"

"तो त्या गोरखपूरचा. २०१३ साली बांधला. आणि आता तोही मान गेला. २०२३ साली हुबळीने १५०७ मीटरचा काढला."

"अरेरे," साडू हळहळतात. माझाच प्लॅटफॉर्म गेल्यासारखे. "मग तुमच्या गोरखपूरला काय आहे?"

काय आहे यापेक्षा काय होतं ते सांगणं सोपं. आमच्याकडे हाऊबाग होतं. हाऊबाग हे छोट्या लाईनचं स्टेशन. जबलपूरहून नैनपूर, बालाघाट करत गोंदियाला जाणारी नॅरोगेज म्हणजे आमची छोटी लाईन. दोन रुळांमध्ये अंतर अडीच फूट. आमच्या घरचं जेवणाचं टेबल बरोब्बर तेवढंच रुंद आहे, मी मोजलंय. बंगाल नागपूर रेल्वेने नैनपूर ते जबलपूर हा तुकडा १९०५ साली सुरू केला. शेजारच्या मुलींच्या कॉलेजचं नाव हवाबाग आणि स्टेशनाचं हाऊबाग. कॉलेजच्या वाट्याला हवा आली आणि स्टेशनाच्या वाट्याला हाऊ, म्हणजे इकडच्या हिंदीत पोरांना दाखवायचा बुवा. हाऊ आणि बाग एकत्र केले की मराठीत बागुलबुवाच उभा राहतो. पण हाऊबागच्या गाडीला एखादं पोर घाबरल्याचं ऐकिवात नाही. उलट बकऱ्यासुद्धा सावकाश बाजूला होत.

२०१५ साली नैनपूरची छोटी गाडी बंद झाली. पुढे मोठी लाईन आली ती दुसऱ्या वाटेने, आणि हाऊबाग बाजूलाच राहिलं. आता त्या मोठ्या लाईनवरून जबलपूर ते चांदाफोर्ट सुपरफास्ट जाते. आमच्या मोहल्ल्यातला चौक मात्र अजून छोटी लाईन फाटकच आहे. गाडी जात नाही, फाटक कोणासाठी लावणार? पण ऑटोवाल्याला दुसरं काही नाव सांगून पाहा. "छोटी लाईन फाटक बोलो ना बड्डे," असं तोच आपल्याला सुधारतो. पुण्याच्या शनिवारवाड्यातला वाडा १८२८ साली जळाला, तरी कोणी नुसत्या तटाला शनिवारतट म्हणत नाही. तशातलीच ही गोष्ट.

या लाईनवर सर्वांत जास्त हक्क आमच्या आत्याचा. वय चौऱ्याऐंशी. नैनपूरच्या एका शाळेत तिने बावीस वर्षं शिकवलं. सोमवारी हाऊबागहून जायचं, शनिवारी परतायचं. त्यामुळे आगगाडी या विषयात ती कोणाचंही ऐकत नाही. रेल्वेमंत्री टीव्हीवर बोलायला लागले की ती आवाज बंद करते.

गेल्या हिवाळ्यात साडूंच्या साठीशांतीला आम्ही सगळे गेलो. गावाचं नाव सांगत नाही, साडूंना तिथे अजून राहायचंय. जाताना कमानिया गेटजवळची खव्याची जिलबी नेली होती. १८८९ पासून मिळणारी ती आमची शान. खव्याची असल्यामुळे रंगाने पार काळी. मेव्हणीने खोका उघडला, आत पाहिलं आणि अतिशय मायेने म्हणाली, "राहू दे, प्रवासात होतं असं."

शांत झाली, होम झाला, आणि दुसऱ्या दिवशी साडूंनी जाहीर केलं, "आज संध्याकाळी माझ्याकडून पार्टी. स्टेशनाबाहेर नवं हॉटेल निघालंय. रेल्वेच्या डब्यात!"

हे खूळ आता बरंच पसरलंय. २०२० च्या फेब्रुवारीत आसनसोलला रेल्वेने जुने डबे सजवून त्यात खानपान सुरू केलं. २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेर तसाच डबा उभा राहिला. मग ठिकठिकाणच्या स्टेशनांना ही लागण झाली. धावून धावून निवृत्त झालेला डबा भंगारात न काढता रंगवायचा, दोन तुकडे रुळांवर उभा करायचा आणि त्यात टेबलं मांडायची. कल्पना वाईट नाही. आमच्या ओळखीत निवृत्तीनंतर इतकी चांगली सोय फार थोड्यांची झाली आहे.

चार वाजता मी स्वयंपाकघरात डोकावलो तर आत्या ओट्याशी उभी. परातीत दुधात भिजवलेली कणीक. दशम्या. शेजारी तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी.

"आत्या, हे काय करून राहिलीस?"

("करून राहिलीस" ऐकलं की साडू डोळे मिटून घेतात. आमच्या मराठीचा त्यांना नेहमीच असा त्रास होतो.)

"डब्यात बसायचंय ना? मग डबा नको?"

"अगं, हॉटेल आहे ते. जेवायलाच चाललोय."

"आगगाडीतलं बाहेरचं मी खात नाही," आत्या म्हणाली आणि दशमी उलटली.

ही काय चीज आहे हे साडूंना कळलं नव्हतं. त्यांनी मला डोळा मारला आणि म्हणाले, "असू द्या. म्हाताऱ्या माणसाला कोण बोलणार?" आम्ही निघालो. आत्याच्या हातात पितळी कड्यांचा तीन पुडांचा डबा, वर फडकं, फडक्याला गाठ. खांद्याला पाण्याची बाटली. पायातल्या चपला जुन्या. नव्या चपला गाडीत चोरीला जातात म्हणून तिने नेसूच्या पातळाशिवाय काहीही नवं अंगावर घातलं नव्हतं.

डबा मोठा देखणा. बाहेरून लाल-पिवळा, दारात कुंड्या, वर दिव्यांची माळ. काळा कोट घातलेला एक तरुण हातात यादी घेऊन उभा होता. त्याने अदबीने विचारलं, "सर, पीएनआर?" टेबल राखून ठेवल्याचा नंबर त्यांच्याकडे पीएनआर. साडू खूश झाले. आत्याने मात्र त्याला खरा टीसी समजून पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि विचारलं, "ज्येष्ठ नागरिकांना किती सूट?"

"सूट नाही आजी."

रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद केली ती बंदच आहे. म्हणजे या एका बाबतीत तरी हॉटेल अस्सल निघालं.

आत गेल्यावर पहिला तंटा खिडकीवरून झाला. साडूंचं वय साठ पूर्ण, माझं अठ्ठावन्न. दोघांनाही खिडकी हवी होती. साडूंनी रुमाल टाकला. मी रुमालावर बसलो. शेवटी यजमान म्हणून ते हरले. पण खिडकी मिळवून मला काय मिळालं? बाहेर स्कूटर ठेवायचा स्टँड, एक भिंत आणि एक रसवंती. धावत्या गाडीत रसवंती दिसते आणि जाते. तिचा रस गोड होता की आंबट हे कळायच्या आत पुढची विहीर येते, विहिरीवरची बाई येते, मग ज्वारी. इथे तीच रसवंती दीड तास माझ्यासमोर. पहिल्या वीस मिनिटांत तिची किती गिऱ्हाइकं उधारीवाली हे मला पाठ झालं. रसवालाही अधूनमधून माझ्याकडे बघत होता. शेवटी आम्ही एकमेकांना नमस्कार केला.

मेनूकार्ड तिकिटाच्या आकाराचं, पण उघडत गेलं की साडेतीन फूट. सूपला जंक्शन सूप म्हणत होते. सॅलडचं नाव सिग्नल, कारण टोमॅटो लाल, सिमला मिरची पिवळी आणि काकडी हिरवी. राजधानी थाळी, मेल थाळी आणि पॅसेंजर थाळी.

"राजधानीत काय आहे?" मेव्हणीने विचारलं.

"पनीर, मॅडम."

"आणि पॅसेंजरमध्ये?"

"पनीरच. पण थांबत थांबत येतं," तो मुलगा म्हणाला. हा विनोद त्याला शिकवलेला होता की त्याचा स्वतःचा, कळलं नाही. मला तो मुलगा आवडला.

आम्ही मागवलं ते मेल. आलं पॅसेंजरच्या वेगाने. स्वयंपाकघर डब्यात मावत नसल्यामुळे बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये होतं आणि तिथून आमच्या टेबलापर्यंतच्या वाटेत दार, पायऱ्या आणि फोटो काढणारी मंडळी. लोक दारातल्या दांड्याला लोंबकळून फोटो काढत होते. खऱ्या गाडीत याबद्दल दंड होतो, इथे त्यासाठी वेगळी प्रकाशयोजना होती.

छतातल्या स्पीकरमधून रुळांचा खडखडाट येत होता. खडाक्-खट्, खडाक्-खट्. अधूनमधून टिंग-टाँग व्हायचं आणि "यात्रीगण कृपया ध्यान दें" म्हणून एक बाई बोलायला लागायची. आपण सवयीने कान टवकारावेत तर ती सांगायची की आज व्हेज मंचुरियनवर दहा टक्के सूट आहे. दर टिंग-टाँगला आत्या पदर सावरायची आणि विचारायची, "कोणतं आलं रे?"

चौथ्या वेळी तो मुलगाच म्हणाला, "आजी, मंचुरियन आलं."

"इथे थांबते का ही?" आत्या म्हणाली. "पूर्वी नव्हती थांबत."

मी साडूंना म्हटलं, तुमचा डबा छान आहे, पण चव येत नाहीये. साडू नाराज झाले. अजून जेवण आलेलंच नाही तर चव कशी येईल, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो बिनतोड होता. पण माझं म्हणणं निराळं होतं. आगगाडीच्या खाण्याचा मुख्य मसाला भीती आहे. शेगावची कचोरी घ्या, कर्जतचा वडा घ्या. गाडी दोन-चार मिनिटं उभी राहणार. आपण खाली उतरलेलो, हातात शंभराची नोट, कचोरीवाल्याकडे सुटे नाहीत, पुढे सिग्नल हिरवा. बायको खिडकीतून "अहो, अहो" करतेय. अशा वेळी उरलेले पैसे सोडून, कागदातली कचोरी छातीशी धरून चालत्या डब्यात जी उडी मारावी लागते, ती त्या कचोरीला चव देते. नाहीतर कचोरी आमच्या जबलपुरातही होते. भुसावळची केळी, लोणावळ्याची चिक्की, नागपूरची संत्री, सगळ्यांवर हा शिट्टीचा संस्कार आहे. इथे सगळं होतं. बाक होते, खिडक्या होत्या, साखळी होती. फक्त गाडी चुकण्याची सोय नव्हती.

साखळीवरून आठवलं. साडूंच्या नातवाने ती ओढली. हॉटेलवाल्यांनी तिला वेटर बोलवायची घंटा जोडली होती. पण नातवाने ओढली तेव्हा कोणीच आलं नाही. खरी गाडीसुद्धा साखळी ओढल्यावर थांबते म्हणतात. ही आधीच थांबलेली असल्यामुळे काय करावं हे तिलाही सुचलं नसावं.

मग खरी अडचण आली. आत्याने माझ्या कानात सांगितलं, तिला जाऊन यायचं होतं.

"मग जा ना. ते काय मागे दार दिसतंय."

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी एकदम तिचा चौथीतला विद्यार्थी झालो. "गाडी स्टेशनात उभी आहे."

वाचकांपैकी ज्यांनी रेल्वेच्या संडासातली पाटी वाचून अक्षरओळख करून घेतली असेल, त्यांना हा पेच समजेल. गाडी स्थानकात उभी असताना शौचालय वापरू नये. आत्याने बावीस वर्षं हा नियम पाळला होता आणि नैनपूरच्या तीन-चार पिढ्यांना शिकवला होता.

"अगं, ही सुटायचीच नाही," मी म्हणालो.

"मग मी थांबते."

बायकोने समजावलं, मेव्हणीने समजावलं. साडूंनी कायदा सांगितला की हे स्टेशन नसून स्टेशनाबाहेरचा परिसर आहे. आत्या ढिम्म. शेवटी मी त्या वेटर मुलाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो हसला नाही. तो आत गेला. खडखडाटाचा आवाज मोठा झाला आणि एक लांबलचक शिट्टी वाजली.

"सुटली," आत्या म्हणाली, उठली, आणि दोन्ही बाजूंच्या बाकांना धरत, तोल सांभाळत, डुलत डुलत मागे गेली. परत येताना तशीच डुलत आली. डबा जागचा हलला नव्हता हे खरं, पण तिला बघताना मलाच जरासं हललेलं वाटलं.

परत आल्यावर तिने घड्याळात पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती. मेलचा पत्ता नव्हता. तिने फडक्याची गाठ सोडली.

समोरच पाटी होती, बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे. साडूंनी पाटीकडे पाहिलं, मग दशम्यांकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर रसवंतीकडे वळवली. लसणाच्या चटणीचा वास मात्र वळला नाही. तो सरळ डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. लोकांनी मोबाइल खाली ठेवले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नाक वर करून विचारलं, "भाजी बटाट्याची का?" पाच मिनिटांत त्यांचा मुलगा पुरी घेऊन गेला, आणि त्यांनी बदल्यात पर्समधून दाण्याची चिक्की पाठवली. म्हणजे बाहेरचं त्यांनीही आणलेलं होतं! पलीकडच्या टेबलावरून एक डबी निघाली, त्यात आवळासुपारी. सगळं शहर सक्त मनाई वाचून आलं होतं आणि सगळ्यांनी पिशवीत काहीतरी लपवलं होतं.

तेवढ्यात काळ्या कोटवाला आला. हातात यादी, चेहऱ्यावर नियम.

आत्या बाकावर थोडी आत सरकली. "बस बाळा. तू कुठून बसलास?"

या प्रश्नाला नियमात उत्तर नव्हतं. तो क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "परभणी."

"मग खूप वेळ झाला असेल जेवून. धर."

तो बसला नाही, पण त्याने उभ्या उभ्या दशमी खाल्ली. चटणी लावून. मग त्याने यादी बगलेत धरून आत्याला सांगितलं की त्याची आजीसुद्धा दुधातच भिजवते. आणि जाताना तो पाटीकडे पाठ करून गेला.

मेल थाळ्या त्यानंतर आल्या. कोणाला भूक नव्हती. बांधून दिल्या. बिलाला तिथे चार्ट म्हणतात. चार्ट लागल्यावर साडू काही वेळ बोलले नाहीत.

रात्री घरी येऊन साडूंनी मोबाइलवर मला पॅरिस दाखवलं. तिथे ओर्से नावाचं स्टेशन होतं, १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं. पुढे गाड्या लांब झाल्या, प्लॅटफॉर्म आखूड पडले, आणि १९३९ पासून लांबच्या गाड्या तिथे यायच्या थांबल्या. १९८६ साली त्याचं संग्रहालय झालं, आणि तिथल्या जुन्या सोनेरी भोजनगृहात लोक अजून जेवतात. "बघा," साडू म्हणाले, "प्लॅटफॉर्म आखूड पडला म्हणून स्टेशन बंद पडलं, तर त्यांनी त्याचं काय केलं! तुमचं हाऊबाग रिकामंच आहे. काढा तिथे हॉटेल. मी पैसे घालतो."

साडूंनी पैसे घालतो म्हणणं ही आमच्या घराण्यातली पहिलीच वेळ. मी आत्याला विचारलं. ती पांघरूण घेऊन पडली होती, पण झोपली नव्हती.

तिच्या अटी अशा. हॉटेल छोट्या लाईनसारखं चालणार असेल तर ती हो म्हणेल. संध्याकाळी हाऊबागला बसायचं. समोरच्याशी गुडघ्याला गुडघा लागला पाहिजे, कारण डबाच तेवढा रुंद. ग्वारीघाट आलं की पहिलं पाणी. मग जमतऱ्याचा पूल. पुलावर सगळ्यांनी नर्मदेला नाणं टाकायचं आणि हात जोडायचे. तोवर वाढप्याने वाढायचं नाही, आणि कोणी मागायचंही नाही. बरगीला वरण. शिकाऱ्याला भाजी. घंसौरला बायका टोपल्या घेऊन येतात त्यांच्याकडून सीताफळं घ्यायची आणि बिया खिडकीबाहेर टाकायच्या, आत नाही. भात नैनपूरला. "मध्ये?" मी विचारलं. मध्ये काही नाही. मध्ये बसायचं आणि बोलायचं. वाफेच्या इंजिनाच्या काळात वरणात थोडी कोळशाची कणी यायची, ती आता कुठून आणणार याची तिला काळजी होती.

"म्हणजे वरण आणि भात यांच्यात किती तास?" साडूंनी विचारलं.

"इंजिन कसं आहे त्यावर," आत्या म्हणाली.

साडूंनी पैसे घालण्याचा विचार तिथेच सोडला. मला मात्र ही योजना पटली होती. आमच्या जबलपूरला आगगाडीबाबत थांबण्याची जुनी सवय आहे. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेली लाईन आणि हावड्याकडून आलेली लाईन जबलपूरला जोडली गेली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. आणि दोनेक वर्षांनी ज्यूल व्हर्नने ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणेची कादंबरी लिहिली, तर त्यात अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपवले. बिचाऱ्या फॉगसाहेबांना हत्ती विकत घ्यावा लागला. एवढा मोठा लेखक, आणि त्याने आमची दोन वर्षांपूर्वी जोडलेली लाईन परत तोडली. पण मजा त्या हत्तीच्या पानांतच आहे. गाडी वेळेवर अलाहाबादला पोचली असती तर तो भाग कोणाच्या लक्षात राहिला असता?

हे मी साडूंना रात्री बाराला सांगत होतो. ते घोरत होते.

आम्ही जबलपूरला परतलो. आत्याने सामान लावलं आणि एकदम खाली बसली. डबा! तीन पुडांचा, पितळी कड्यांचा, नैनपूरच्या शाळेतून निरोपाला मिळालेला. रेल्वेत वस्तू विसरायची असते ती डब्यातून उतरताना, या हिशेबाने तो उतरताना बाकाखालीच राहिला होता.

मी साडूंना फोन केला. ते त्याच दिवशी जाऊन आले. डबा सापडला, परभणीच्या मुलाने घासून, पुसून, कपाटात ठेवला होता. वर चिठ्ठी होती, "आजींचा". साडूंनी तो कुरिअर केला. पत्त्यावर लिहिलं, गोरखपूर. नेहमीच्या उत्साहात जबलपूर लिहायचं राहिलं, आणि पिन त्यांनी मोबाइलवर शोधून घातला.

आठव्या दिवशी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारा भोजपुरी वळणाची हिंदी बोलत होता. तुमचं घर स्टेशनाच्या कोणत्या बाजूला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हाऊबागच्या. तो म्हणाला, असं इथे काही नाही. मग तो बराच वेळ फिरला असावा, कारण संध्याकाळी त्याने पुन्हा फोन करून थकलेल्या आवाजात सांगितलं की पार्सल परत पाठवतो.

तिसऱ्या आठवड्यात डबा घरी आला. त्याने बनारसपलीकडचं जग पाहिलं होतं, ज्या हॉटेलच्या डब्यात तो विसरला होता त्याने निवृत्तीनंतर वीतभरही प्रवास केला नव्हता. आत्याने झाकण उघडून वास घेतला, कडी दोनदा लावून पाहिली आणि म्हणाली, "लांब प्लॅटफॉर्म बघून आला म्हणायचा."

तेव्हा आमच्याकडे दिवाळीला चकल्या, उन्हाळ्यात आंब्याच्या वड्या वगैरे पाठवणाऱ्यांना एक विनंती. पत्त्यात गोरखपूरनंतर जबलपूर जरूर लिहा, आणि खाली छोटी लाईन फाटक. पिन ४८२ ने सुरू होतो. २७३ ने नव्हे.